विमा नेमका कशासाठी, आणि तो कुठे कमी पडतो? टर्म, जुनी एंडोमेंट आणि आई-वडिलांचा आरोग्य विमा

साताराकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. विम्याबद्दल जो तो वेगळं सांगतो, म्हणून आकड्यांसकट विचारतो.

माझं वय ३६, बायको ३३, मुलगी ५ वर्षांची. वार्षिक पगार ९ लाख, घरात कमावता मी एकटाच. गृहकर्ज २८ लाख बाकी. १० लाखांची २० वर्षं मुदतीची एक एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) आहे, हप्ता वर्षाला ५२,००० आणि आतापर्यंत ६ हप्ते भरलेत. कंपनीकडून आम्हा तिघांना ३ लाखांचा ग्रुप आरोग्य विमा आहे, त्यात आई-वडील नाहीत. वडील ६६ वर्षांचे, ८ वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब. आई ६१, आजवर कुठला आजार निघालेला नाही.

प्रश्न असे:
१. टर्म (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी पॉलिसी) घेतली आणि काहीच झालं नाही तर सगळे हप्ते बुडीत जातात, असं एजंट म्हणतात. मग ती घ्यायचीच कशाला?
२. एंडोमेंट मोडू की चालू ठेवू?
३. वडिलांच्या फॉर्मवर मधुमेह लिहू नका, हप्ता वाढतो, तीन वर्षांनी कोणी विचारत नाही, असा सल्ला मिळालाय. हे खरं आहे का?
४. पॉलिसी असूनही दवाखान्याचे पैसे पूर्ण का मिळत नाहीत?

---

हिशेबनीस

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. आरोग्याचं जाणकारांनी सांगावं.

जे नुकसान होण्याची शक्यता कमी आहे, पण झालंच तर घर सावरू शकणार नाही, ते नुकसान थोडी रक्कम देऊन दुसऱ्याच्या अंगावर टाकणं एवढ्यासाठीच विमा असतो. तुमच्या घरात असं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे तुमचा पगार कायमचा थांबणं. आज तुमच्या मागे १० लाख मिळतील. कर्ज २८ लाख आहे. म्हणजे बँकेचंच पूर्ण फिटणार नाही, पुढचा घरखर्च आणि मुलीचं शिक्षण तर दूरच.

किती संरक्षण हवं याचा साधा हिशेब: वार्षिक उत्पन्नाच्या १० ते १२ पट, अधिक सगळं कर्ज, वजा हाताशी असलेली गुंतवणूक. तुमच्या बाबतीत ९ × १२ = १०८ लाख, अधिक २८, म्हणजे १ कोटी ३६ लाख. सव्वा ते दीड कोटीची टर्म, वयाच्या ६० पर्यंत. तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर हप्ता ढोबळमानाने १५ ते २२ हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे जुनी कोटेशन्स बाजूला ठेवा आणि नवीन मागवा.

आता ‘बुडीत’ या मुद्द्याबद्दल. टर्मचा हप्ता हा त्या वर्षाच्या जोखमीचा मोबदला आहे. जोखीम त्या वर्षी घेतली गेली, मोबदला संपला. एंडोमेंटमध्येही जोखमीचा हा भाग कापला जातोच, फक्त तो वेगळा दाखवत नाहीत. हप्ते परत देणाऱ्या टर्म योजनाही असतात. त्यांचा हप्ता बराच जास्त असतो आणि पंचवीस वर्षांनी परत येते ती भरलेलीच रक्कम, व्याजाशिवाय. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एंडोमेंटचा तोटा आकड्यांत पाहा. बोनस दरवर्षी जाहीर होतो, त्याची हमी नसते, म्हणून गृहीत धरतो: विमा रकमेच्या हजारी ४५ रुपये, म्हणजे वर्षाला ४५,०००. वीस वर्षांत ९ लाख. मूळ १० मिळवून १९ लाख. दरवर्षी ५२,००० भरून विसाव्या वर्षाअखेर १९ लाख, म्हणजे साधारण साडेपाच टक्के परतावा. आणि महागाई ६ टक्के धरली तर मुदतीअखेरच्या १० लाखांची किंमत पॉलिसी घेतली तेव्हाच्या ३ लाख १२ हजारांइतकीच असेल. बचत म्हणून ती कमी पडते आणि विमा म्हणूनही.

पण इथे बहुतेक जण ‘ताबडतोब मोडा’ म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. भरलेले ३ लाख १२ हजार गेले ते गेले. प्रश्न एवढाच की इथून पुढे भरायचे १४ हप्ते काय कमावतील. तीन पर्याय मांडून बघा.

चालू ठेवली: आणखी १४ हप्ते, शेवटी १९ लाख.

पेड-अप केली: पुढे काही भरायचं नाही. विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटते, १० लाख × ६ ÷ २० = ३ लाख. जमा बोनस २ लाख ७० हजार. मुदतीअखेर ५ लाख ७० हजार हातात, पुढचा बोनस सहसा मिळत नाही. म्हणजे पुढच्या १४ हप्त्यांमुळे जादा मिळणारे १३ लाख ३० हजार. याचा परतावा काढला तर पावणेआठ टक्क्यांच्या जवळ जातो.

मोडली: समजा आज २ लाख २० हजार मिळाले. ते आणि दरवर्षीचे ५२,००० दुसरीकडे गुंतवून चौदा वर्षांनी १९ लाख व्हायला वर्षाला साधारण ७.४ टक्के मिळायला हवेत. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ आहे. म्हणजे सुरक्षित बचतीशी तुलना केली तर मोडण्यात फायदा नाही.

असं होतं कारण कमिशन आणि खर्चाचा मोठा वाटा पहिल्या काही हप्त्यांतच कापला जातो. तो फटका तुम्ही आधीच खाल्लाय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

शाखेत लेखी अर्ज देऊन आजचं सरेंडर मूल्य (आज मोडली तर मिळणारी रक्कम), पेड-अप मूल्य आणि जमा बोनस असे तीन आकडे मागा आणि वरच्या हिशेबात घाला. टर्म आणि आरोग्य विम्याचे हप्ते भरून ५२,००० उरत असतील तर पॉलिसी चालू ठेवा. उरत नसतील तर पेड-अप करा. आणि नवी टर्म हातात येईपर्यंत जुन्याला हात लावू नका. वैद्यकीय तपासणीत काही निघून नवा अर्ज नाकारला गेला तर ती १० लाखांचीच काय ती उरेल.

---

टीपीए_डेस्क

मी हॉस्पिटलच्या विमा विभागात काम करते. तिसरा आणि चौथा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्र उत्तर देते. थोडं लांबेल.

मधुमेह लपवू नका. कुठल्याही परिस्थितीत नाही. ‘तीन वर्षांनी कोणी विचारत नाही’ हे वाक्य जीवन विम्यातून उचललेलं आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जीवन विमा पॉलिसी तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणाने नाकारता येत नाही. ते कलम आरोग्य विम्याला लागू नाही. आरोग्य विम्यात सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर माहिती दडवल्याचं कारण पुढे करता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातूनही वगळलेली आहे. फॉर्मवर ‘मधुमेह नाही’ आणि घरात आठ वर्षांची औषधांची चिठ्ठी, हे फसवणुकीच्या व्याख्येत सहज बसू शकतं.

आणि ते कळतंच. रुग्ण दाखल होताना निवासी डॉक्टर पूर्वीचे आजार विचारतात, नातेवाईक खरं सांगतात, केस पेपरवर ‘मधुमेह ८ वर्षांपासून’ अशी नोंद होते. तो केस पेपर विमा कंपनीकडे जातो. एचबीए१सी या रक्ततपासणीतूनही गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर कळते. त्यानंतर फक्त तो क्लेम जात नाही, पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि मग ६८-७० व्या वर्षी दुसरी कंपनी दारात उभं करत नाही.

लिहिल्यावर काय होतं? हप्ता वाढेल, किंवा आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागेल. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. या तीन वर्षांत मधुमेह-रक्तदाबाशी जोडलेले क्लेम मिळणार नाहीत. अपघात, डेंग्यू, न्यूमोनिया यांचे मात्र मिळतील (पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाताचे). पुढचं संरक्षण पक्कं होतं. आईंसाठी एक गोष्ट वेगळी: ‘आधीचा आजार’ म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला. निदानच झालेलं नसेल तर तो आधीचा आजार धरत नाहीत. पण मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गर्भाशय काढणं, गुडघा बदलणं अशा ठरावीक शस्त्रक्रियांना सगळ्यांनाच बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. मोतीबिंदूवर बहुधा वेगळी मर्यादाही असते, ती पॉलिसीत बघा.

फॉर्म एजंटला भरू देऊ नका. भरला तर सही किंवा ओटीपी देण्याआधी ‘पूर्वीचे आजार’ हा भाग स्वतः वाचा. पॉलिसी आल्यावर तिच्यासोबत फॉर्मची प्रत येते, तीही ताडून बघा. काही चुकलं असेल तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

आता पैसे का कापले जातात. सगळ्यात मोठं कारण खोलीभाडं. समजा विमा रक्कम ५ लाख, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ५,०००. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. लोकांना वाटतं वरचे ३,००० × ५ = १५,००० आपल्याला पडतील. तसं होत नाही. हॉस्पिटलमध्ये वरच्या वर्गाच्या खोलीला सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे दरही चढे असतात, म्हणून विमा कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते.

खोली: बिल ४०,०००, मंजूर २५,०००.
सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग: बिल १,६०,०००, मंजूर ५/८ म्हणजे १,००,०००.
औषधं, इम्प्लांट, तपासण्या: बिल १,५०,०००, मंजूर पूर्ण.
हातमोजे, मास्क, अ‍ॅडमिशन किट वगैरे: बिल १२,०००, मंजूर शून्य.

एकूण बिल ३,६२,०००, मंजूर २,७५,०००, खिशातून ८७,०००. त्यात १० टक्के को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा) असेल तर मंजूर रक्कम २,४७,५०० वर येते.

यातल्या दोन गोष्टी रुग्णांना माहीत नसतात. नियमाप्रमाणे ही प्रमाणशीर कपात औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट, उपकरणं, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला लावता येत नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, सर्वांना एकच दरपत्रक आहे, तिथे ती मुळातच लावता येत नाही. सेटलमेंट पत्रात औषधांवरही कात्री लागलेली दिसली तर हॉस्पिटलकडून ‘आमच्याकडे खोलीनिहाय वेगळे दर नाहीत’ असं पत्र घ्या, किंवा नियमाचा हवाला देऊन फेरविचार मागा. फरक परत मिळतो.

त्यामुळे पॉलिसी निवडताना पहिला प्रश्न हा: खोलीभाड्यावर मर्यादा आहे का? ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ किंवा ‘मर्यादा नाही’ अशी पॉलिसी दोन-तीन हजार महाग पडली तरी घ्या.

नाकारण्याची बाकीची नेहमीची कारणं सांगते.

फक्त तपासण्यांसाठी दाखल होणं. एमआरआय, एन्डोस्कोपी करायला दोन दिवस राहिलात आणि उपचार तोंडी गोळ्यांचेच असतील तर क्लेम जातो. दाखल करणं का गरजेचं होतं (ताप किती, ऑक्सिजन किती, गोळ्यांनी फरक का पडला नाही) हे डॉक्टरांच्या नोंदीत यायला हवं. डिस्चार्ज समरी हातात आली की हे वाचूनच घरी निघा. नंतर दुरुस्ती करून घेणं अवघड असतं आणि सही-शिक्का नसलेली खाडाखोड कंपनी मानत नाही.

२४ तास पूर्ण न होणं. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा डे-केअर उपचारांना ही अट नाही, पण सलाइनसाठी १८ तास राहिलात तर ती आडवी येते.

हॉस्पिटल व्याख्येत न बसणं. तालुक्याच्या गावी हे हमखास होतं. हॉस्पिटल महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं हवं, तो क्रमांक बिलावर हवा. नोंदणी नसेल तर किमान खाटा (१० लाखांहून कमी वस्तीच्या गावात १०, मोठ्या शहरात १५), चोवीस तास डॉक्टर-नर्स आणि ऑपरेशन थिएटर हवं. तुमच्या भागातली दोन-तीन चांगली हॉस्पिटलं आज, सगळे धडधाकट असतानाच, कंपनीच्या नेटवर्क यादीत शोधून ठेवा.

तारखांमधला विसंवाद. फॉर्मवर ‘८ वर्षं’, केस पेपरवर ‘१२ वर्षं’. घाबरलेला नातेवाईक अंदाजाने बोलतो. वडिलांच्या निदानाची पहिली चिठ्ठी जपून ठेवा आणि घरात सगळ्यांना एकच साल माहीत असू द्या.

कॅशलेस (कंपनीने थेट हॉस्पिटलला पैसे देणं) नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही, हे मी रोज दहा वेळा सांगते. कागद अपुरे असले तरी कॅशलेस नाकारतात. पैसे भरून नंतर परतावा मागता येतो. त्यासाठी लागतं: तपशीलवार अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज समरी, आंतररुग्ण केस पेपरच्या प्रती, प्रत्येक तपासणीच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांची चिठ्ठी, इम्प्लांट असल्यास त्याचं स्टिकर आणि इन्व्हॉइस, अपघात असल्यास एमएलसी (हॉस्पिटलने केलेली पोलीस-प्रकरणाची नोंद) किंवा एफआयआर, रद्द केलेला चेक. पॉलिसीत दिलेल्या मुदतीत (बहुधा डिस्चार्जनंतर १५ ते ३० दिवस) पोचवा आणि पोच घ्या. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी असा नियम आहे. तीन तासांवर उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भरायचे असतात.

---

वर्धा_नाका

हिशेबनीसांच्या टर्मच्या मुद्द्यात एक भर. विवाहित पुरुषाने टर्म घेताना ती ‘विवाहित स्त्री संपत्ती कायदा, १८७४’ याखाली घेता येते. प्रपोजलसोबत एक जादा फॉर्म असतो, त्यात बायको-मुलांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहायचा. मग ती रक्कम ट्रस्टची होते, तुमचे सावकार किंवा कर्ज देणाऱ्या संस्था तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही. आणि एकदा दिलेली नावं सहजी बदलता येत नाहीत, हे समजून सही करा. धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्यांना तर हे हवंच. मुलगी अल्पवयीन आहे, तिला लाभार्थी करणार असाल तर ट्रस्टी कोण ते नीट ठरवा.

मात्र एंडोमेंटबद्दल थोडा मतभेद. ‘टर्म घ्या, उरलेले गुंतवा’ हा सल्ला कागदावर बरोबर आहे, पण उरलेले खरंच गुंतवले जातात का? हप्त्याची नोटीस येते म्हणून भरणारी, एरवी एक पैसा मागे न टाकणारी कुटुंबं मी पुष्कळ पाहतो. त्यांना साडेपाच टक्के हेही शून्यापेक्षा बरे.

---

हिशेबनीस

सवयीचा मुद्दा मान्य. पण मग पगाराच्या दिवशी आपोआप कापली जाणारी आवर्ती ठेव किंवा पीपीएफची स्थायी सूचना तेच काम करते, आणि तिथे पहिल्या वर्षाचा हप्ता कमिशनमध्ये जात नाही. शिवाय शिस्तीच्या नावाखाली विमा रक्कम १० लाखांवर अडकते, हे नुकसान परताव्याहून मोठं आहे. ५२,००० भरणारा माणूस ‘माझा विमा आहे’ असं समजून टर्म घेतच नाही. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

---

साताराकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टीपीए_डेस्क ताई, फॉर्म स्वतः भरणार, मधुमेह तारखेसकट लिहिणार. आता पुढचा पेच. आई-वडिलांचं प्रत्येकी ५ लाखांचं कोटेशन दोघांचं मिळून वर्षाला ७०,००० आलंय, वडिलांवर २० टक्के को-पे. टर्मचे २० हजार आणि एंडोमेंटचे ५२ धरले तर १ लाख ४२ हजार. एवढं झेपत नाही. काय सोडू?

---

टीपीए_डेस्क

टर्म सोडू नका. एंडोमेंट पेड-अप करायची वेळ आली तर ती हीच.

आई-वडिलांसाठी दोन वेगळ्या पॉलिसी ठेवा, एकत्र फ्लोटर (दोघांत मिळून एकच विमा रक्कम) नको. फ्लोटरचा हप्ता मोठ्या वयावर ठरतो आणि वडिलांच्या एका मोठ्या आजारात आईंची रक्कमही संपते. आईंची आधी घ्या, आजच, निरोगी असतानाच. त्यांचा हप्ता ७०,००० मधला लहान भाग असणार. वडिलांसाठी दोन कोटेशन्स आणखी मागवा: को-पे नसलेलं, आणि ३ लाखांची मूळ पॉलिसी अधिक सुपर टॉप-अप.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत करू नका. वजावट (जिच्या वरचाच खर्च ही पॉलिसी देते ती रक्कम) ३ लाखांची आहे आणि वर्षात अडीच-अडीच लाखांची दोन बिलं आली असं धरा. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, एकही बिल ३ लाखांवर गेलेलं नाही, म्हणून तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो: ५ लाख वजा ३, म्हणजे २ लाख देतो. तुम्हा तिघांसाठीही कंपनीच्या ३ लाखांवर ३ लाख वजावटीचा सुपर टॉप-अप घेऊन ठेवा. नोकरी गेली की ग्रुप विमा त्या दिवशी संपतो, मग वजावटीची रक्कम खिशातून जाते, एवढं ध्यानात ठेवून.

वडिलांचा हप्ता अगदीच झेपला नाही तर सरकारी योजनांचा नीट आधार घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. संलग्न हॉस्पिटलात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्रांच्या टेबलावर जायचं. अडचण ही की ठरावीक शस्त्रक्रिया-उपचारांचीच यादी आहे, सगळी मोठी हॉस्पिटलं संलग्न नाहीत, आणि आधी दाखल होऊन पैसे भरून नंतर परतावा मागता येत नाही, सुरुवातीलाच नोंद करावी लागते. शिवाय ७० वर्षं पूर्ण झाली की उत्पन्नाची अट न लागता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात ५ लाख. वडिलांना चार वर्षं आहेत. तोपर्यंत पॉलिसी नाही घेतली तर निदान दोन-तीन लाख त्यांच्या नावाने वेगळे, लगेच निघतील असे ठेवा. हृदयविकाराचा झटका आला तर यादी-संलग्नता बघायला वेळ नसतो.

एक दिलासा: ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हा नियम जानेवारी २०२५ पासून आहे. तरी १० टक्के दरवर्षी वाढले तर सात वर्षांत हप्ता जवळपास दुप्पट होतो. आजच काठावर झेपणारी पॉलिसी चौथ्या वर्षी सोडाल, आणि प्रतीक्षा काळ संपता संपता ती बंद पडेल. त्यात सगळेच पैसे जातात. झेपेल तेवढीच घ्या.

---

खान्देशी

तक्रारीचा मार्ग कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

नकार आला की तो लेखी मागा, पॉलिसीच्या नेमक्या कलमासह. ‘अटींनुसार देय नाही’ एवढं मोघम पत्र चालत नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, त्यात पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नाकारलेली रक्कम आणि त्यांचं कलम तुम्हाला का लागू नाही हे मुद्देसूद लिहा. समांतर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्यात कार्यालयं आहेत. ऑनलाइन तक्रार होते, शुल्क नाही, वकील लागत नाही (चालतही नाही). मागणी ५० लाखांपर्यंत. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो.

खोलीभाड्याची चुकीची कपात आणि ‘दाखल व्हायची गरज नव्हती’ या दोन प्रकारांत कागद नीट असतील तर लोकपालांकडे जरूर जावं. आजार लपवलेला असेल तर तिथेही हाती काही लागत नाही.

साताराकर, आणखी दोन छोट्या गोष्टी. तुमच्या आणि बायकोच्या बचत खात्यातून वर्षाला ४३६ आणि २० रुपये कापले जातात का पाहा. पहिली पंतप्रधान जीवन ज्योती (२ लाख, कुठल्याही कारणाने मृत्यू, ५० वर्षांपर्यंत प्रवेश), दुसरी सुरक्षा विमा (२ लाख, अपघात). वर्ष १ जून ते ३१ मे. पुष्कळ घरांत कापले जातात हे कोणाला माहीतच नसतं, आणि माणूस गेल्यावर कोणी क्लेमच करत नाही. पासबुकावर खूण करून घरी सांगून ठेवा.

दुसरं, गृहकर्जासोबत बँकेने एकरकमी हप्त्याचा कर्ज-विमा लावलाय का? बहुतेकदा तो हप्ता कर्जातच मिळवतात, त्यावरही व्याज चालू राहतं, आणि संरक्षण कर्जाबरोबर घटत जातं. लागलेला असेल तर २८ लाख त्यात धरलेत का ते बघून टर्मची रक्कम ठरवा.

---

साताराकर

कर्ज-विमा नाही, मंजुरीपत्र पाहिलं. एंडोमेंट पेड-अप करणार, टर्म दीड कोटीची, आईची पॉलिसी या महिन्यात. शेवटचं एक: एंडोमेंटचा मागचा एक हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली होती, दंड भरून पुन्हा चालू केली. त्याने काही फरक पडतो का?

---

हिशेबनीस

पडतो. कलम ४५ ची तीन वर्षं पॉलिसी निघाल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पुनरुज्जीवनाची तारीख यांपैकी जी सर्वांत उशिराची तिथून मोजतात. तुमचा काटा त्या दिवशी शून्यावर आला. पुनरुज्जीवनाच्या वेळी तब्येतीचं जे घोषणापत्र भरलं असेल त्याची प्रत शाखेतून काढून वाचा. त्यात काही राहून गेलं असेल तर आत्ताच लेखी कळवा. नव्या टर्मच्या हप्त्याला बँकेतून स्वयंचलित कपात लावा आणि त्या खात्यात तारखेच्या दोन दिवस आधी पैसे असतील असं बघा. वार्षिक हप्त्याला ३० दिवस सवलत मिळते, मासिक हप्त्याला १५ च. टर्ममध्ये सरेंडर मूल्य नसतं, त्यामुळे सवलतीचे दिवस उलटले की संरक्षण त्याच दिवशी थांबतं.